डेथ व्हॅलीला जायचंय? परमिट, पास, लायसन्स आणि कुठले कागद सोबत ठेवायचे

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले की वेगासचा प्लॅन ठरलेलाच असतो, आणि मग कोणीतरी म्हणतं की तिथून दोन तासांवर डेथ व्हॅली, म्हणजे कॅलिफोर्नियातलं वाळवंटी नॅशनल पार्क, आहे तर तीही करून टाकू. त्यानंतर तेच तेच प्रश्न येतात, परमिट काढावं लागतं का, पासपोर्ट दाखवावा लागतो का, सिनियर सिटिझनना सवलत मिळते का. सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

नुसतं दिवसभर फिरून परत यायचं असेल तर कसलाही अर्ज नाही, आधी स्लॉट घ्यायचा नाही, नागरिकत्वाची अट नाही. फी भरा आणि फिरा. एका खासगी गाडीचे ३० डॉलर, आत कितीही माणसं असली तरी तेवढेच, आणि ते ७ दिवस चालतात. मोटरसायकलला २५, पायी किंवा सायकलवर आलात तर माणशी १५.

गंमत म्हणजे इथे बाकीच्या मोठ्या पार्कसारखं गेट नाही, कोणी थांबवत नाही, त्यामुळे बरेच जण फी न भरताच पुढे निघून जातात आणि मग कळतं की भरायची होती. पार्कातल्या फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरमध्ये किंवा वाटेतल्या मशीनवर कार्डने भरायची, पावती डॅशबोर्डवर बाहेरून दिसेल अशी ठेवायची. रोख घेत नाहीत, त्यामुळे बाबांच्या खिशातल्या डॉलरच्या नोटा इथे कामाच्या नाहीत. किंवा निघायच्या आधीच रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर ऑनलाइन पास घ्या आणि फोनमध्ये सेव्ह करा, कारण पार्कात बहुतेक ठिकाणी नेटवर्क शून्य.

आता पासचं बघू, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. ६२ वर्षांच्या पुढच्यांना वर्षाला २० डॉलर आणि आयुष्यभरासाठी ८० डॉलर असा सिनियर पास आहे हे खरं, पण तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांना मिळत नाही, वय ७५ असलं तरी नाही. सगळ्या नॅशनल पार्कांना चालणारा वार्षिक पास १ जानेवारी २०२६ पासून दोन दरांत आहे, अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर आणि बाहेरून येणाऱ्यांना २५०. ८० वाला हवा तर अमेरिकेतलं सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. पास ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती गाडीत हवी आणि तिचा फोटो आयडी जवळ हवा, मित्राचा पास मागून नेला असं चालत नाही.

मग बाहेरून येणाऱ्यांनी २५० चा घ्यावा का? एकट्या डेथ व्हॅलीसाठी अजिबात नाही, ३० डॉलरमध्ये काम होतंय. पण त्याच ट्रिपमध्ये ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, योसेमिटी असं काही असेल तर हिशोब बदलतो, कारण अशा ११ पार्कांत वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना, १६ वर्षं आणि त्यापुढच्या, माणशी १०० डॉलर जादा लावलेत. डेथ व्हॅली त्या ११ मध्ये नाही. दोघं जण दोन अशा पार्कांत गेले तर जादाचेच ४०० होतात, त्यापेक्षा दोघांत मिळून २५० चा एकच पास परवडला.

पार्कात पासपोर्ट कोणी विचारत नाही. तरी १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपली नोंद दाखवणारा कागद जवळ बाळगावा असा अमेरिकेचा कायदाच आहे, म्हणून आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद, तिची प्रिंट काढून ठेवा, सीबीपी म्हणजे तिथल्या सीमा-कस्टम्स खात्याच्या साइटवर फुकट निघते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनाही हे लागू आहे, आपण इथेच राहतो म्हणून विसरायला होतं.

गाडी. भारतातलं चालू लायसन्स असेल तर पर्यटक म्हणून कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते, आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तिथल्या कायद्याने सक्तीचं नाही, पण रेंटल कंपनी मागू शकते, खासकरून लायसन्सवर इंग्रजी नसेल तर. भारतातून निघायच्या आधीच आरटीओतून काढा, फॉर्म ४ए, सारथी पोर्टलवरून अर्ज होतो, फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. नुसतं आयडीपी चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच. रेंटलच्या काउंटरवर जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, आणि दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव करारात टाकून घ्या.

तो करार नीट वाचा बरं का. बहुतेक करारांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर इन्शुरन्स लागू नाही. सरकणाऱ्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेसट्रॅककडे जाणारा रस्ता सुमारे २७ मैल कच्चा आहे, धारदार दगड, टायर फाटतात आणि टोइंगचं बिल डोळे पांढरे करतं. साध्या भाड्याच्या सेडानने तिकडे जाऊच नका. बॅडवॉटर, झाब्रिस्की पॉइंट, डँटेज व्ह्यू, मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या, हे सगळं डांबरी रस्त्यावरून होतं आणि एका दिवसाला भरपूर आहे. बॅडवॉटरला पार्किंगमधून मागच्या कड्याकडे मान वर करून बघा, वर खूप उंचावर एक छोटी पांढरी पाटी आहे, समुद्रसपाटी तिथे, आणि आपण तिच्या ८६ मीटर खाली उभे. बाबांना तो फोटो हवाच असतो.

रात्री राहायचं असेल तर मात्र आधी हालचाल करा. फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंडचं बुकिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिलच्या सीझनसाठी ६ महिने आधी उघडतं, तेही रिक्रिएशन डॉट गव्ह वरच, आणि लाँग वीकेंडचं पटकन भरतं. एको, कॉटनवुड, मार्बल कॅन्यनच्या कच्च्या रस्त्यांकडेला तंबू ठोकायला वेगळं परमिट लागतं.

प्रीवेडिंग शूटबद्दलही खूप विचारतात. जानेवारी २०२५ च्या कायद्याने ५ जणांपर्यंतचा ग्रुप असेल, हाताने उचलून नेता येईल एवढ्याच सामानात शूट होत असेल आणि बाकी लोकांची वाट अडत नसेल तर परमिट नाही, फी नाही. लग्नाचा विधी करायचा असेल तर स्पेशल यूज परमिटचा अर्ज वेगळा. ड्रोनला सरसकट बंदी.

तारखेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च. १९१३ च्या जुलैमध्ये इथे ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, आणि उन्हाळ्यात सकाळी १० नंतर खालच्या भागात चालायला जाऊ नका असं पार्कवालेच सांगतात. मे ते सप्टेंबरचंच तिकीट असेल तर एसी गाडीतून उतरून फोटो काढून परत आत, एवढंच करा. माणशी ४ लिटर पाणी, टाकी वेगासकडच्या बाजूलाच फुल, आत पेट्रोल महाग आहे आणि पंप मोजकेच. निघायच्या दिवशी सकाळी पार्कच्या साइटवर रस्ते कुठले बंद आहेत ते बघून घ्या, पुराने वाहून गेलेला रस्ता गूगल मॅपला कधीकधी उघडाच दिसतो.