कापाचे दोन फोटो, दोन वेगळ्या भानगडी

दरवर्षी १९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिन, आला की आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवर रॉबर्ट कापा हा जुना नावाजलेला युद्ध-फोटोग्राफर फिरायला लागतो. गणपतीपुळ्याच्या सूर्यास्ताखाली त्याचं ते "फोटो चांगला आला नाही म्हणजे तुम्ही पुरेसे जवळ गेला नव्हता" वालं वाक्य डकवतात, तेही एकवेळ चालवून घेऊ. पण मग कोणीतरी हटकून टाकणारच, "अरे तो फेक होता, स्पेनचा तो कोसळणारा सैनिक तर सोडाच, नॉर्मंडीचे फोटो पण सेट केलेले, प्रूव्ह झालंय." कुठे झालंय बाबा?

आधी स्पेनचा फोटो, पटकन उरकतो. १९३६, यादवी युद्ध, गोळी लागून मागे कोसळणारा सैनिक, हातातून सुटणारी रायफल. आधी फ्रान्सच्या 'व्हू' मासिकात आला, मग १९३७ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात. जागा सांगितली जायची सेरो मुरियानो. २००९ मध्ये सुस्पेरेगी नावाच्या स्पॅनिश प्राध्यापकाने मागचे डोंगर जुळवून दाखवलं की ही जागा एस्पेहोची, म्हणजे तिथून पन्नासेक किलोमीटर लांब, आणि त्या दिवसांत तिथे लढाईच नव्हती. मेलेला माणूस म्हणून ज्या बोरेलचं नाव घेतात तो झाडाआडून लढताना गेला असं त्याच्या साथीदाराने लिहिलंय, फोटोत झाड औषधालाही नाही. आणि 'व्हू'ने त्याच पानावर अजून एक फोटो छापला होता, त्याच उतारावर जवळपास त्याच जागी दुसराच माणूस पडतोय, आणि पहिल्याचं प्रेत कुठे दिसत नाही! मूळ निगेटिव्ह आजतागायत नाही, २००७ मध्ये हाती लागलेल्या 'मेक्सिकन सुटकेस'मध्ये, म्हणजे कापा आणि त्याच्या सोबत्यांच्या स्पेनमधल्या साडेचार हजार हरवलेल्या निगेटिव्हमध्ये, पण नव्हती. त्याची जोडीदार फोटोग्राफर गेर्डा टारो तेव्हा त्याच्यासोबत होती, तिनेच काढला असंही काही जण म्हणतात. म्हणजे इथे संशय थेट फोटोवर आहे, जे दिसतंय ते घडलं का यावरच. माझं विचाराल तर पोझ दिलेलाच वाटतो, पण शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही.

आता नॉर्मंडी. लोक घसरतात ते इथे.

६ जून १९४४, दुसरं महायुद्ध, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं तो दिवस, त्यातला ओमाहा बीच. कमरेएवढ्या पाण्यात सैनिक, लोखंडी अडथळे, सगळं हललेलं. हे फोटो खरे आहेत. जागा खरी, दिवस खरा, माणसं खरी, यावर वाद घालणारा जाणकार मला अजून भेटलेला नाही. वाद आहे तो जे फोटो आपल्याला *दिसत नाहीत* त्यांच्याबद्दल. कापाने १९४७ च्या 'स्लाइटली आउट ऑफ फोकस' या आत्मकथनात लिहिलं की १०६ फोटो काढले, लंडनच्या डार्करूममध्ये असिस्टंटने घाईत फिल्म वाळवायला जास्त गरम केली, इमल्शन (फिल्मवरचा, प्रतिमा धरणारा थर) वितळलं आणि फक्त आठ वाचले. 'लाइफ'चा लंडनमधला पिक्चर एडिटर जॉन मॉरिस हीच गोष्ट, वाळवायच्या कपाटाचं दार बंद केल्यामुळे झालं म्हणून, वर्षानुवर्षं सांगत राहिला. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना तर ती लगेच पटते, कारण जुलैच्या दमट हवेत रोल वाळता वाळत नसताना आणि बाहेर नवरामुलगा प्रिंटसाठी खोळंबलेला असताना हीटर लावून दार बंद करायचा मोह कोणाला झाला नसेल.

२०१४ पासून ए. डी. कोलमन हा अमेरिकन फोटो-समीक्षक आणि त्याच्या सोबतच्या लोकांनी ही गोष्ट उसवली. त्या कपाटाच्या उष्णतेने फिल्म अशी वितळत नाही. निगेटिव्हवरची प्रतिमा कडेच्या भोकांवर सरकलेली दिसते तो वितळल्याचा पुरावा म्हणून दाखवायचे, तर तसंच सरकणं कापाच्या त्याआधीच्या धडधाकट रोलवर पण सापडलं, म्हणजे कारण कॅमेऱ्यात फिल्म बसण्यात होतं. त्यांचं म्हणणं, त्याने किनाऱ्यावर दहाएक फ्रेमच काढल्या आणि बाकीची गोष्ट नंतर रचली गेली. मॉरिसनेही त्याच वर्षी कबूल केलं की बाकीच्या रोलवर कदाचित काहीच नसेल.

मिरकरवाड्याला होडी लागली, टोपलीभर बांगडा उतरला आणि तांडेल म्हणाला की जाळं फाटलं नाहीतर होडी भरून आली असती, तर जाळ्याच्या गोष्टीवर खुशाल हसा, पण टोपलीतला बांगडा खोटा कसा म्हणाल?

तर स्पेनच्या फोटोखाली "वादग्रस्त" लिहा, जरूर लिहा. ओमाहाच्या फोटोखाली तेच लिहिलंत तर फालतूपणा आहे. आणि फोटो हललाय तो वितळल्यामुळे असं तर लिहूच नका, हललेला हात आणि खराब झालेलं इमल्शन यातला फरक कॅमेरा धरणाऱ्याला कळायला हवा. हलत्या होडीतून तारकर्लीला एक शॉट घेऊन बघा, तोही बंदुका नसताना.



अजून एक चीड आणणारा प्रकार म्हणजे कोलमन अर्धवट वाचून "कापा घाबरून पळाला" असं उघडकीला आणल्याच्या थाटात सांगणारे. अहो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय! त्याच पुस्तकात, की भीतीने अंग थरथरत होतं, समोर एक बोट दिसली, फक्त हात कोरडे करायला जातोय असं स्वतःला सांगत तिच्याकडे धावलो. आणि असं लिहिल्यानंतरही हा माणूस युद्धावर जायचा थांबला नाही, २५ मे १९५४ ला इंडोचायनात (आताच्या व्हिएतनाममध्ये) सुरुंगावर पाय पडून गेला, तेव्हा चाळीस वर्षांचा होता.