मेंदूच्या शस्त्रक्रियेतला रक्तदाब: मोजण्यापासून सांभाळण्यापर्यंत

शस्त्रक्रिया चालू असताना रक्तदाब मोजायचा असतो, हे १९०० साली जवळपास कुणाच्या गावीही नव्हते. भूल देणारा बोटांनी नाडी पाही, तेवढ्यावर भागे. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेला हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १८९४-९५ च्या सुमारास भुलीसाठी ईथर देताना नाडी व श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. आजच्या भुलीच्या तक्त्याचे मूळ तिथे आहे, आणि माझ्या मते कुशिंगच्या गाजलेल्या शस्त्रक्रियांइतकेच ते मोलाचे आहे.

पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला कुशिंगने कुत्र्यांवर प्रयोग केले. कवटीतला दाब वाढवत नेला, की शरीराचा रक्तदाबही त्याच्या वर चढत जाई. कवटी ताठर असते. आत दाब वाढला की रक्तवाहिन्या चेपतात, म्हणून मेंदूपर्यंत रक्त पोचवण्यासाठी शरीर जोर लावते. नाडी मात्र मंदावते, श्वास बिघडतो. रक्तदाब चढलेला आणि नाडी मंद, हे आजही धोक्याचे लक्षण मानतात.

१९०१ मध्ये इटलीतल्या पाव्हिया येथे कुशिंगने रिवा-रोची या इटालियन डॉक्टरचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र पाहिले आणि ते अमेरिकेत बाल्टिमोरला नेले. बोटांच्या अनुभवावर विसंबणाऱ्या अनेक शल्यचिकित्सकांना त्याची गरजच पटेना.

मोजता येऊ लागल्यावर दाब मुद्दाम उतरवण्याचाही मोह झाला. १९४६ मध्ये क्लीव्हलँडच्या जेम्स गार्डनरने रक्तस्राव कमी व्हावा म्हणून धमनीतून रक्त काढून ठेवले आणि नंतर ते परत दिले. मग दाब उतरवणारी औषधे आली. ॲन्युरिझम, म्हणजे धमनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगा, फुटू नये म्हणून ती बरीच वापरली गेली. यात किती रुग्णांचा मेंदू रक्तावाचून उपाशी राहिला असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळपास १५ टक्के वाटा त्याचा. १९५९ मध्ये डेन्मार्कच्या नील्स लासेनने दाखवले की सरासरी रक्तदाब साधारण ६० ते १५० मिलिमीटर (पाऱ्याच्या) दरम्यान असेपर्यंत मेंदूचा रक्तपुरवठा बऱ्यापैकी स्थिर राहतो. त्याखाली तो घसरू लागतो. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये ही खालची मर्यादा आणखी वर असते, आणि इजा झालेल्या भागात हा सांभाळ मोडूनही पडतो.

त्यामुळे सगळ्या शरीराचा दाब पाडण्याऐवजी ॲन्युरिझमला रक्त पुरवणाऱ्या एकाच वाहिनीला थोडा वेळ तात्पुरती क्लिप लावण्याची पद्धत रुजली. ती लागलेली असताना भूलतज्ज्ञ बहुधा रक्तदाब उतरू देत नाही, उलट किंचित चढता ठेवतो, म्हणजे शेजारच्या वाहिन्यांतून त्या भागाला रक्त मिळत राहते.