सुडोकू टेबलावर आलं आणि नियम फिरले

पत्त्यांच्या जोडातून एक्के, राजे, राण्या आणि गुलाम असे १६ पत्ते काढा. ते चार बाय चारच्या चौकोनात असे मांडा, की कुठल्याही आडव्या-उभ्या ओळीत राजा एकच येईल, राणी एकच येईल आणि बदाम, इस्पिक, चौकट, किलवरही एकेकदाच. हे कोडं जाक ओझानाम यांच्या गणिती करमणुकींच्या संग्रहाच्या १७२५च्या आवृत्तीत आहे. म्हणजे सुडोकूचं हे पूर्वज कोडं मुळात हाताने मांडायचंच होतं.

१७८२ साली थोर गणितज्ञ ऑयलरने पत्त्यांच्या जागी ३६ अधिकारी घेतले: सहा पलटणी, सहा हुद्दे. त्याला ते जमेना, आणि जमणारच नाही असा त्याचा कयास होता. १९०१मध्ये गास्तों तारीने सगळ्या शक्यता पडताळून तो खरा ठरवला. मात्र १०, १४, १८ अशा आकारांनाही तो लावला होता, तिथे ऑयलर चुकला. १९५९मध्ये बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे यांनी ते दाखवून दिलं. सुडोकूच्या गप्पांत हे नाव क्वचितच निघतं, याची खंत वाटते.

तीन बाय तीनचे नऊ चौकोन ही भर हॉवर्ड गार्न्स या निवृत्त अमेरिकी वास्तुविशारदाची मानली जाते. १९७९मध्ये डेल या प्रकाशनसंस्थेच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' छापून आलं, तेही त्याच्या नावाविना. १९८४मध्ये जपानच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनसंस्थेने ते उचललं, आणि हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांच्यामुळे नोव्हेंबर २००४मध्ये ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पोचलं. पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

छापील सुडोकूला उत्तर एकच असतं. एकट्याने सोडवताना तीच गंमत, पण दोघं समोरासमोर बसले की तीच अडचण, कारण मग उरते ती फक्त आधी कोण सोडवतो याची शर्यत. आकड्यांऐवजी रंगीत गोळ्या वापरणारे लाकडी पटही निघाले. दिसायला देखणे, पण खेळ तोच.

खरी कलाटणी मिळते ती उत्तरच काढून टाकल्यावर. पट कोरा ठेवायचा, पाळीपाळीने नियमात बसेल असा कुठलाही आकडा ठेवायचा. ज्याला ठेवता येणार नाही तो हरला. आता समोरच्याची कोंडी करणं हाच डाव.

यातही एक मेख आहे. पहिल्याने मधोमध ५ ठेवावा. मग समोरच्याने १ ठेवला की मध्यबिंदूच्या बरोब्बर पलीकडच्या घरात ९ ठेवावा. २ला ८, ३ला ७, ४ला ६, ५ला ५. अशी खेळी नेहमीच नियमात बसते, कारण समोरासमोरचे आकडे सारखे येतात ते फक्त ५-५च्या वेळी, आणि मधल्या ओळींत व मधल्या चौकोनात तर ५ ठेवायला बंदीच असते. त्यामुळे पहिला खेळाडू कधीच अडकत नाही आणि डाव बसल्याजागी निकाली निघतो.

यावर सोपा तोडगा म्हणजे सोंगट्या. प्रत्येक आकड्याच्या नऊ, एकूण ८१, पालथ्या घालून पिसायच्या आणि हातात मोजक्याच घ्यायच्या. पलीकडे ठेवायला हवा तो ९ हातात असेलच असं नाही.