पोटाच्या व्यायामांची पार्श्वभूमी : औंधच्या नमस्कारांपासून प्लँकपर्यंत

सातारा-सांगलीकडच्या तालमींमध्ये पोटासाठी म्हणून राखून ठेवलेला व्यायाम फारसा नव्हता. जोर, बैठका, दोर चढणे, करेला आणि जोडी ही लाकडी मुद्गले फिरवणे, फावड्याने हौदातली माती उकरणे आणि अखेर प्रत्यक्ष लढत या सगळ्यांत पोटाचे स्नायू कामाला लागत, पण ते काम बहुतांशी वाकण्याचे नसून धड ताठ धरून ठेवण्याचे असे. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव किंवा १९६४ चे हिंदकेसरी, कवठेपिरानचे मारुती माने ज्या परंपरेत घडले ती हीच. त्यामुळे ‘पोटासाठी कोणता व्यायाम सुरक्षित आणि कोणता परिणामकारक’ हा आज प्रत्येक जिममध्ये विचारला जाणारा प्रश्न आपल्याकडे तुलनेने नवा आहे, आणि त्याच्या उत्तरातला बराच गोंधळ पोट हा शरीराचा सुटा भाग मानला गेल्यामुळे झाला आहे.

या बदलाचा एक महत्त्वाचा टप्पा सातारा जिल्ह्यातच सापडतो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तरुणपणी युजीन सँडो या जर्मन शरीरसौष्ठवपटूची उपकरणे आणून सुमारे दहा वर्षे त्यांवर नेमाने व्यायाम केला. सँडोची पद्धत स्नायू एकेक करून घडवण्याची होती. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने बाळासाहेब सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग हा व्यायाम त्यांनी संस्थानातील शाळांमध्ये नेला, त्यावर मराठीत व १९२८ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९३८ मध्ये त्याची आवृत्ती लंडनलाही निघाली. समर्थांच्या नित्य नमस्कारांची परंपरा या मुलखात आधीपासून सांगितली जात होतीच. राजेसाहेबांनी तिला शाळेच्या वेळापत्रकाची शिस्त दिली.

औंधच्या पद्धतीतील साष्टांग स्थितीचा दंडक येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कपाळ, छाती, दोन हात, दोन गुडघे आणि दोन पाऊले अशी आठ अंगे जमिनीला टेकतात, पोट मात्र टेकू द्यायचे नाही. त्या आधीच्या स्थितीत हात आणि चवडे यांवर तोललेले शरीर फळीसारखे सरळ ठेवावे लागते. गुरुत्वाकर्षण धड खाली ओढत असताना ते न लचकू देणे हेच पोटाचे खरे काम, आणि नमस्कारात ते आपोआप घडते. अर्थात जुने ते सगळे निर्धोक असे मानण्याचे कारण नाही. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकवण्याचा अट्टहास, त्यातही शेकड्यांनी नमस्कार घालण्याची चढाओढ, दुखऱ्या कमरेला परवडत नाही.

पोटाकडे वेगळ्या दृष्टीने पाहणारी आणखी एक धारा योगाची. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणे) व नौली (पोटाचे स्नायू आवळून फिरवणे) करताना पोटाच्या आतील दाब किती उतरतो हे उपकरणांनी मोजले. या क्रियांचा उद्देश स्नायूंची ताकद वाढवणे हा नव्हता, त्यामुळे त्यांची सिट-अपशी, म्हणजे उताणे झोपून धड उचलून बसण्याच्या व्यायामाशी, तुलना करणे गैरलागू आहे. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असताना त्या वर्ज्य मानल्या जातात.

सिट-अप आला तो शाळा आणि सैन्याच्या कवायतीतून. तो मोजायला सोपा, साधन लागत नाही आणि एकाच वेळी शंभर जणांची परीक्षा घेता येते, ही त्याची खरी गुणवत्ता. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस शाळकरी मुलांच्या तंदुरुस्तीच्या देशव्यापी चाचणीत तो समाविष्ट झाला, प्रारंभी पाय सरळ ठेवून. कंबर दुखू लागल्याच्या तक्रारींमुळे पुढे गुडघे वाकवण्याची सूचना आली. कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडणारा सोआस हा स्नायू गुडघे वाकवल्याने शांत राहील, असा त्यामागचा तर्क होता.

हा तर्क मोजमापात फारसा टिकला नाही. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधील गादीत (डिस्क) सुई घालून दाब मोजला आणि सिट-अप करताना तो उभे असतानापेक्षा बराच वाढतो असे दाखवले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पोटाच्या अनेक व्यायामांची तुलना केली. त्यात पाय सरळ ठेवलेल्या सिट-अपचा कमरेवरील दाब सुमारे ३,५०० न्यूटन (बल मोजण्याचे एकक) आणि गुडघे वाकवलेल्याचा सुमारे ३,३५० न्यूटन निघाला, म्हणजे फरक नगण्य. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा संस्थेने ओझी उचलण्याबाबत ३,४०० न्यूटनचा इशारा-स्तर ठरवला होता, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो. केवळ डोके आणि खांदे उचलण्याच्या प्रकारात दाब सुमारे २,००० न्यूटनपर्यंत उतरला. यातूनच मॅकगिल यांनी पुढे आणलेले तीन व्यायाम रूढ झाले: कमरेखाली हात ठेवून अल्पसे डोके-खांदे उचलणे, कुशीवरचा प्लँक (शरीर फळीसारखे ताठ धरून ठेवणे), आणि रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांबवणे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वारंवार वाकण्याने गादी फाटते हे दाखवणारे बरेचसे प्रयोग डुकरांच्या मृत मणक्यांवर, हजारो आवर्तने देऊन झालेले आहेत. जिवंत ऊती स्वतःची दुरुस्ती करतात. त्यामुळे निरोगी तरुणाने दहा-वीस क्रंच (उताणे झोपून केवळ डोके-खांदे वर वाकवणे) मारले म्हणून कंबर जाईल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ज्याची गादी आधीच सरकली आहे त्याने मात्र ते टाळावेत. पहाटेची वेळही येथे महत्त्वाची आहे. रात्रभर आडवे राहिल्याने गादी पाणी शोषून फुगते आणि उठल्यानंतरचा पहिला तास तिला वाकणे जड जाते. सकाळी वाकणे टाळल्याने जुनाट कंबरदुखी कमी होते, असे १९९८ च्या एका अभ्यासात दिसले. तालमीला जाणारे पहाटेच उठतात. पोटाचे वाकण्याचे प्रकार त्यांनी अंग मोकळे झाल्यावर, शेवटी घ्यावेत.

दरम्यान लष्करांनीही आपली मते बदलली. अमेरिकी लष्कर, नौदल आणि मरीन दलाच्या चाचण्यांतून अलीकडच्या वर्षांत सिट-अप किंवा क्रंच जाऊन प्लँक आला. आपल्याकडे सैनिकी परंपरेच्या सातारा जिल्ह्यात भरतीची तयारी करणारी मुले रोज सिट-अपचे ढीग रचतात, हे पाहून नवल वाटते, कारण सैन्यभरतीच्या मैदानावर १,६०० मीटर धाव, बीमवरचे पुल-अप, नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरचा तोल पाहिला जातो. राज्य पोलिसांच्या मैदानी चाचणीत धावणे आणि गोळाफेक असते. दोन्हींत सिट-अप कुठेच नाहीत.

‘परिणामकारक’ या शब्दाचा अर्थ अनेकांच्या मनात ‘पोट कमी करणारा’ असा असतो, आणि टेलिशॉपिंगवरचे रोलर व पट्टे याच समजुतीवर खपले. पोटाला विजेचे झटके देणाऱ्या पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेत २००२ मध्ये सरकारी कारवाईही झाली. प्रत्यक्षात १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांकडून २७ दिवसांत ५,००४ सिट-अप करवून घेतले, आणि पोटावरची चरबी-पेशी इतर ठिकाणच्यापेक्षा अधिक आटलेली आढळली नाही. स्नायू बळकट होणे आणि वरची चरबी घटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ताटावर आणि एकूण हालचालीवर ठरते.

वयस्क स्त्रियांच्या बाबतीत निवड चुकली तर नुकसान अधिक होते. हाडे ठिसूळ झालेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांवरील अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींना मणक्याचे नवे अस्थिभंग झाले, तर पाठ मागे ताणणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास लहान होता, तरीही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध विलग झाले असतील तर पोट बांधून लगेच क्रंच सुरू करण्यापेक्षा आधी फिजिओथेरपिस्टकडून ती फट तपासून घ्यावी, आणि मूळव्याध, हर्निया किंवा रक्तदाब असणाऱ्याने प्लँकमध्येही श्वास कोंडून धरू नये.