नुसतं ‘फोम द्या’ म्हणू नका

कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांचे पोशाख घरी बनवून, घालून मिरवायचा मेळा म्हणजे कॉमिक कॉन. मुंबईचं कॉमिक कॉन जवळ आलं की माझ्या फोनवर एकाच फोटोची निरनिराळी रूपं यायला लागतात. कधी फोमचं खांद्याचं कवच असतं, कधी शिरस्त्राण. पांढरं, अंगावर फोड आलेलं, मधोमध भोक पडलेलं. खाली प्रश्न ठरलेला: ‘हीट गन जास्त तापली का?’ हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, बिचारी ठीक होती. फोम चुकीचा आणला होता.

गोंधळ सुरू होतो तो दुकानात. कवच करायला शिकवणारं ट्यूटोरियल बहुधा परदेशी असतं आणि त्यातला माणूस नुसतं ‘फोम’ म्हणतो, कारण त्याच्या मंडळींत फोम म्हणजे ईव्हीए हे गृहीतच असतं. आपण पॅकिंगच्या दुकानात जाऊन तोच शब्द उच्चारतो आणि दुकानदार पांढरी गुंडाळी काढतो. त्याचंही बरोबर आहे, त्याच्या लेखी फोम तोच. ती गुंडाळी ईपीईची असते. नावं ऐकायला सारखीच, शीट दोन्हीची मिळते, दोन्ही हलके, दोन्ही कटरने कापले जातात. पैसे वाचले म्हणून आपण खूश होऊन घरी येतो.

ईपीई तुम्हाला माहीत आहे. नव्या टीव्हीच्या खोक्यात असतो, काचसामानाभोवती गुंडाळलेला असतो. त्यावर अधिक बोलत नाही. सोफ्यातला स्पंज वेगळा आणि थर्माकोलही वेगळा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, शिवाय सॉल्व्हंटवाला गोंद किंवा स्प्रे पेंट लागला की तो विरघळतो. तेव्हा तो विषयच सोडा.

ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल असिटेट. चपलेचा तळ, स्वस्तातली योगा मॅट, लहान मुलांच्या खोलीतली कोड्यासारखी जोडायची चटई, शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणतो ती 2 मिमीची रंगीत शीट, हे सगळं बहुतेक वेळा त्याचंच असतं. हाताला रबरासारखा लागतो.

आता मुद्दा एकच: उष्णता. बाकीचे फरक विसरलात तरी चालेल.

ईव्हीएवर हीट गन फिरवा. आधी पृष्ठभाग किंचित चकाकतो, वरची छिद्रं मिटतात. मग शीट मऊ पडते. त्या अवस्थेत ती गुडघ्यावर, पातेल्याच्या बुडावर, बाटलीवर दाबून धरा आणि गार होऊ द्या. हात काढला तरी बाक तसाच राहतो. चिक्की गरम असते तोवर लाटता येते आणि गार झाली की आकार सोडत नाही, तसंच. फरक एवढाच की ईव्हीए पुन्हा तापवून पुन्हा वळवता येतो.

हाच प्रयोग ईपीईवर केला की तो आधी काहीच करत नाही. आपण गन जवळ नेतो. तरी काही नाही. आणि मग एकदम पापड आगीवर आक्रसावा तसा आक्रसतो, बुडबुडे फुटतात, भोक पडतं. मऊ होणं आणि वितळणं यांच्यात आपल्याला हात घालायला जागाच उरत नाही.

असं का होतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही. ईपीई म्हणजे फुगवलेलं पॉलिइथिलीन. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या बऱ्याच ठिकाणी शिस्तीत रचलेल्या असतात, आणि ती रचना तापमानाच्या अगदी लहान टप्प्यात मोडते. त्यात बुडबुड्यांच्या भिंती अतिशय पातळ, म्हणून सगळा डोलारा एकदम बसतो. ईव्हीएत व्हिनाइल असिटेट मध्ये मध्ये शिरून ती शिस्त बिघडवतं, त्यामुळे तो कमी उष्णतेतही मऊ पडतो. शिवाय चपला आणि चटयांसाठीचा ईव्हीए तयार करतानाच त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात. तापला की हे जाळं सैल होतं, पण वाहून जात नाही. कवच उभं राहतं ते या जाळ्याच्या जोरावर. (चौकस लोकांसाठी: पत्र्याच्या छपराखाली लावतात त्या एक्सएलपीई शीटमध्ये पॉलिइथिलीनच असं बांधलेलं असतं, म्हणून ती ईपीईपेक्षा पुष्कळ बरी वागते. तरी पहिल्या पोशाखासाठी मी सुचवणार नाही.)

उष्णतेचाच आणखी एक खेळ माझा फार आवडता आहे. ईव्हीएवर कटरने वरवर रेघ मारा, आरपार जाऊ देऊ नका. मग हीट गन फिरवा. रेघ आपोआप उघडते आणि कोरल्यासारखी खाच तयार होते. कवचावरची सगळी नक्षी याच युक्तीने निघते, खर्च शून्य. ईपीईवर रेघ म्हणजे नुसती जखम.

दुकानात ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, काळा ईपीईही मिळतो. लेबलवर तर मुळीच विसंबू नका. ‘ईव्हीए चटई’ म्हणून मी घेतलेली एक जोडचटई घरी ईपीई निघाली, तेव्हापासून वजन करूनच घेतो. पॅकिंगचा ईपीई घनमीटरला साधारण 25 किलो असतो, कवचाजोगा ईव्हीए 100 किलोच्या आसपास. म्हणजे 60 बाय 60 सेंटिमीटरचा, 10 मिमी जाडीचा तुकडा ईपीईचा असेल तर जेमतेम 90 ग्रॅम, ईव्हीएचा असेल तर 360. हातात घेताच कळतं. वजन करायची सोय नसेल तर शीट दुमडून पाहा: ईपीई करकरतो आणि दुमड कायमची उमटते. कापलेल्या कडेला डोळ्यांना दिसतील एवढे बुडबुडे असले तर शीट परत ठेवा. मला विचाराल तर पॅकिंगच्या दुकानात जाऊच नका, चपला बनवणाऱ्यांना माल विकणारी दुकानं शोधा.

गोंदाचं थोडक्यात. फेविकॉलचा एसआर 998 किंवा तसाच कुठलाही कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच, नेमकं दाबायचं. ईव्हीएचा जोड असा बसतो की ओढला तर आधी फोम फाटतो. पॉलिइथिलीनला मुळात कशाचंच प्रेम नाही, गोंदाचंही नाही आणि रंगाचंही नाही, म्हणून ईपीईवरचा रंग कॉनच्या पहिल्या तासातच पोपडे होऊन गळतो. आणि कृपा करून प्रत्येक जोडाला फेविक्विक लावू नका. जोड काचेसारखा कडक होतो, तुम्ही वाकलात की तडकतो. गोंद वाळत असताना शेजारी हीट गन चालू करायची नाही, त्याची वाफ पेट घेते. खिडकी उघडी ठेवा. कापडी मास्कने ही वाफ अडत नाही.

‘पण ईपीई स्वस्त पडतो ना?’ हा प्रश्न दर वेळी येतो. स्वस्तात करायचं असेल तर जुनी योगा मॅट फाडा, घरातल्या लहानग्याची फाटकी चटई मागून घ्या, 2 मिमीच्या क्राफ्ट शीट एकावर एक चिकटवा. पूर्ण कवच करायची ऐपत नसेल तर फक्त मनगटपट्टे आणि एक खांदा करा, बाकी काम कापडावर भागवा. ईपीईचं कवच दोनदा करावं लागतं, आणि दुसऱ्यांदा ते ईव्हीएचंच होतं.

एवढं बोलूनही पांढऱ्या फोमची एक गुंडाळी माझ्या घरी कायम असते. सेकंड क्लासच्या डब्यातून शिरस्त्राण न्यायचं तर त्याच्याभोवती गुंडाळायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शिरस्त्राणाच्या आत कपाळ टेकतं तिथे आणि कानांच्या वर त्याच्याच पट्ट्या दुहेरी टेपने लावतो. दुपारपर्यंत घामाने टेप सुटते, म्हणून पिशवीत टेपचं रीळ आणि चार कापलेल्या पट्ट्या जास्तीच्या असतात.