दोन अंड्यांत घर जेवलं: स्पॅनिश तोर्तियाची पार्श्वभूमी

स्पेनमधल्या बहुतेक बारच्या काउंटरवर एक जाड, गोल, पिवळाधमक पोळा मांडलेला असतो. त्यात बटाटा, अंडी, ऑलिव्ह तेल आणि मीठ असतं, बऱ्याच ठिकाणी कांदाही असतो. हा तोर्तिया दे पातातास. मेक्सिकोतल्या मक्याच्या तोर्तियाशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. सकाळी कॉफीबरोबर किंवा दुपारी बिअरबरोबर त्याची एक फाक पावाच्या तुकड्यासह घ्यायची, ही तिथली रोजची रीत आहे. तापास, म्हणजे पेयाबरोबर खायचे छोटे पदार्थ, घरी करून पाहायचे असतील तर सुरुवात यापासूनच करावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण ऑलिव्ह तेल सोडलं तर लागणारं सगळं आपल्या घरात असतंच. मात्र त्याची कृती अशीच का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. हा पदार्थ कुठल्या दरबारी मुदपाकखान्यात तयार झाला नाही. थोडक्या अंड्यांत पाच-सहा माणसांचं पोट भरायचं होतं, त्या गरजेतून तो आला.

अंड्याचा पोळा स्पेनला नवा नव्हता. राजघराण्याचे आचारी फ्रान्सिस्को मार्तिनेस मोन्तिन्यो यांच्या १६११ सालच्या पाकपुस्तकात अंड्याच्या तोर्तियाच्या कृती आहेत. नवा होता तो बटाटा. स्पॅनिश सैनिकांनी तो सोळाव्या शतकात अँडीज पर्वतात पाहिला. पेद्रो सिएसा दे लेऑन यांचा पेरूचा वृत्तांत १५५३ मध्ये सेव्हियात छापला गेला, त्यात त्याचं वर्णन आहे. १५६७ मध्ये कॅनरी बेटांवरून बटाट्याची पिंपं अँटवर्पला रवाना झाल्याची नोंद सापडते आणि १५७३ मध्ये सेव्हियातल्या एका इस्पितळाच्या खरेदीच्या वहीत तो दिसतो.

ही खरेदी डिसेंबरातली आहे, आणि त्यामागे शेतीचं कारण असावं. अँडीजमधल्या जाती विषुववृत्ताजवळच्या, बारा तासांच्या दिवसाला सरावलेल्या. युरोपातल्या लांबलचक उन्हाळी दिवसांत त्या पाला भरपूर काढत, पण जमिनीखाली कंद धरायला शरद ऋतू उजाडे. उत्तरेत तोवर धुकं-दव गोठून झाड मरून जाई. कॅनरी बेटं आणि दक्षिण स्पेन उबदार असल्यामुळे तिथे पीक हाती लागे. लांब दिवसांना रुळलेल्या जाती निवडून निवडून तयार व्हायला पिढ्या गेल्या. त्यातच बटाटा म्हणजे डुकरांचं खाद्य किंवा दुष्काळातला नाइलाज, अशी समजूत घट्ट होती. म्हणून स्पेनच्या बंदरात आलेला बटाटा स्पेनच्या तव्यावर पोचायला दोन शतकं लागली. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला, आणि त्यालाही घराघरांत रुजायला वेळ लागलाच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटलं. धान्य महाग झालं होतं, दुष्काळ वरचेवर पडत होते, आणि सुधारणावादी जमीनदारांना स्वस्त अन्न हवं होतं. एस्त्रेमादुरा प्रांतात, बादाहोस जिल्ह्यातल्या व्हियानुएव्हा दे ला सेरेना या गावी होसे दे तेना गोदोय आणि मार्केस दे रोब्लेदो यांनी बटाट्यापासून गरिबांसाठी पाव करता येतो का, याचे प्रयोग केले. पावासाठी मळलेलं ते मिश्रण तळून खाल्लं जाऊ लागलं, आणि तोर्तियाची वाट तिथून निघाली, असं संशोधक हाविएर लोपेस लिनाहे यांचं म्हणणं आहे. त्यांनी २००८ मध्ये १७९८ सालची याविषयीची नोंद पुढे आणली. तेव्हापासून हे गाव स्वतःला तोर्तियाचं जन्मस्थान म्हणवतं.

मला मात्र अधिक बोलका वाटतो तो १८१७ सालचा एक अर्ज. नावार्रा प्रांताच्या विधिमंडळापुढे आलेल्या या निनावी अर्जात डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांची दैना मांडली आहे. पांप्लोना शहरातले लोक काय खातात आणि आम्ही काय खातो, अशी ती तुलना आहे. त्यात ओघात येऊन जातं की पाच-सहा माणसांत दोन-तीन अंडी असतात, पण आमच्या बायका त्यात बटाटे, पावाचा चुरा किंवा आणखी काही घालून मोठी, जाड तोर्तिया करतात. पदार्थाचं श्रेय कुणाचं, हे यात स्वच्छ लिहिलेलं आहे. नाव एकीचंही नाही, पण कसब त्यांचंच.

लोकप्रिय दंतकथा वेगळंच सांगते. स्पेनच्या गादीच्या वारसावरून पेटलेल्या कार्लिस्ट युद्धात जनरल तोमास दे सुमालाकार्रेगी एका शेतकरणीच्या घरी उतरला, तिच्याकडे अंडी, बटाटे आणि कांदा एवढंच होतं, तिने तेच एकत्र करून वाढलं, आणि जनरलने तो पदार्थ आपल्या फौजेला लावून दिला. बिलबाओच्या वेढ्यात सैनिकांसाठी त्यानेच तो शोधला, असंही कुणी सांगतं. हा सेनापती १८३५ च्या जूनमध्ये त्याच वेढ्यात पायाला गोळी लागून वारला. नावार्रातला अर्ज त्याच्या अठरा वर्षं आधीचा आहे. फौजेमुळे पदार्थ गावोगाव पसरला असेल, हे शक्य आहे. पण कथेतली ती शेतकरीण बाजूला पडते आणि मिशीवाला जनरल लक्षात राहतो, ही गोष्ट मला खटकते.

ज्या पदार्थाचा जन्म टंचाईत झाला, त्याचीही पुढे टंचाई आली. यादवी युद्धानंतर १९३९ ते १९५२ पर्यंत स्पेनमध्ये शिधापत्रिका होत्या. त्या काळात कातालान आचारी इग्नासी दोमेनेक यांनी बटाटे आणि अंडी दोन्ही नसलेल्या तोर्तियाची कृती लिहिली. संत्र्याच्या सालीच्या आतला पांढरा भाग भिजवून बटाट्याच्या कापांच्या जागी घ्यायचा, आणि अंड्याऐवजी पीठ, पाणी व सोडा यांचं मिश्रण. लोकांना चव मिळाली नसेल, पण ताटात तोर्तिया दिसावी एवढी ओढ होती, हे त्यातून कळतं. पुढे सुबत्ता आल्यावर १९९० च्या दशकात एल बुयी या कातालोनियातल्या प्रसिद्ध रेस्टॉरंटने हीच तोर्तिया काचेच्या पेल्यात, कांदा, अंडं आणि बटाट्याचा फेस अशा थरांत वाढली. त्याच रेस्टॉरंटच्या फेरान आद्रिया यांनी घरच्यांसाठी पाकिटातल्या बटाटा वेफर्सची तोर्तियाही सुचवली. घाईच्या वेळी ती खरोखर उपयोगी पडते.

कांदा हवा की नको, यावर स्पेनमध्ये कडाक्याचे वाद होतात आणि दोन्ही पक्षांना नावंही आहेत. गालिसियातल्या बेतांसोस गावची तोर्तिया कांद्याविना असते, आणि आतून इतकी सैल की सुरी लावली की अंडं बाहेर वाहतं. ज्यांना ते आवडत नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. स्पेनच्या सरकारने १९९१ पासून उपाहारगृहांतल्या अंड्याच्या पदार्थांना ७५ अंश तापमानाची अट घातली होती, ती २०२२ मध्ये सैल करून ७० अंश दोन सेकंद किंवा ६३ अंश वीस सेकंद अशी केली. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर तोर्तिया पूर्ण शिजवावी.

आता कृती, चार जणांना पुरेल अशी. अर्धा-पाऊण किलो बटाटे सोलून अर्ध्या पेरापेक्षाही पातळ काप करावेत. आपण काचऱ्यांना चिरतो तसे, पण आच अगदी उलट. काचऱ्या खरपूस हव्यात, इथे बटाटा कडक होता कामा नये. काप बुडतील इतक्या ऑलिव्ह तेलात मंद आचेवर वीसेक मिनिटं ते मऊ शिजू द्यावेत, उभा चिरलेला कांदा घालायचा तर त्याच्याबरोबरच. तेल निथळून घ्यावं. ते वाया जात नाही, गाळून पुन्हा वापरता येतं. ऑलिव्ह तेल परवडत नसेल तर थोडं सूर्यफुलाचं मिसळलं तरी चालतं, शेंगदाण्याचा वास मात्र वरचढ होतो.

पाच-सहा अंडी फेटून मीठ घालावं आणि गरम काप त्यात सोडून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवावं. ही पायरी कुणी गाळू नये, कारण बटाटा अंडं पिऊन घेतो आणि थोडी अंडी अख्ख्या पोळ्याला धरून ठेवतात ती याच वेळात. नावार्रातल्या बायकांना तेच साधायचं होतं. मग बावीस-चोवीस सेंटिमीटरच्या नॉनस्टिक तव्यात चमचाभर तेलावर मिश्रण ओतून, कडा सुटल्या की तव्यावर सपाट ताट उपडं धरायचं आणि एका झटक्यात उलटायचं. हात सिंकवर धरावा, तेल सांडतं. पोळा परत तव्यात सरकवून कडा कालथ्याने आत दुमडल्या की ती ओळखीची गोलाई येते. दुसरी बाजू तीन-चार मिनिटांत होते.

तापास म्हणून वाढायची तर ती गरमागरम नको. अर्धा तास निवू द्यावी, चौकोनी तुकडे करून प्रत्येकात एक काडी टोचावी आणि सोबत पाव ठेवावा. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून पावात घातलेली तोर्तिया डब्यालाही उत्तम.