मोटार नेली कुणी? गोष्टीतून शिकणारा पोलीस

परळीच्या ठाण्यात रात्री साडेअकराला एक शेतकरी येतो. रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला गेला, तर विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार गायब. शेत मात्र गंगाखेडच्या हद्दीत. ठाणे अंमलदाराने 'तिकडं जा' म्हणायचं, की शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा असा, गुन्हा नोंदवायचा?

इथे मोबाइलवरची गोष्ट थांबते आणि उत्तर मागते. दोन-तीन मिनिटांची, चार-सहा फोटो, एक आवाज. जालन्याच्या किंवा बाभळगावच्या प्रशिक्षण केंद्रातल्या शिपायाला ऑनलाइन धड्यात अशी गोष्ट द्यावी, असं मला मनापासून वाटतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर नोंदवायचीच, हे तिचं कलम १७३ सांगतं. कलम घोकून पाठ होतं. पण समोर माणूस रडत असताना आठवतं का?

गोष्टीतलं आठवतं. बॉवर आणि क्लार्क या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९६९ साली विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या १२ याद्या दिल्या. शब्द गोष्टीत ओवणाऱ्यांना शेवटी सुमारे ९३ टक्के आठवले, नुसते पाठ करणाऱ्यांना १३ टक्के. गोष्टीत एक दुवा पुढचा दुवा ओढून आणतो. आपल्या कीर्तनकारांनी पूर्वरंगात तत्त्व सांगून उत्तररंगात आख्यान लावलं, ते याच जाणिवेने.

पण पोलिसासाठी हीच ताकद घातकही आहे. मेंदूला अर्धवट गोष्ट सोसत नाही. तो मोकळ्या जागा स्वतः भरतो. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर यांनी मोटार अपघाताची फिल्म दाखवून काहींना गाड्या 'आदळल्या' तेव्हाचा वेग विचारला, काहींना 'धडकल्या' तेव्हाचा. आठवड्याने 'फुटलेल्या काचा दिसल्या का?' असं विचारलं. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी 'आदळल्या' हा जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी 'हो' म्हटलं. 'धडकल्या' हा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी सातच जणांनी.

म्हणून प्रशिक्षणार्थ्याने गोष्ट नुसती पाहू नये. फिर्याद ऐकून स्वतःच्या आवाजात ती रचावी, मग सोबत्यांसमोर वाक्यावाक्याने उसवावी: हे कुणी पाहिलं, हे कुणी ऐकलं, हे मी जोडलं. शेतकरी बोलता बोलता म्हणाला होता, बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालंय. रचलेल्या गोष्टीत शेजारी हमखास चोर होतो. उसवल्यावर हाती राहतं ते एवढंच: भांडण झालं होतं, आणि संध्याकाळी सहाला मोटार जागेवर होती.